ठिणगी आणि दारू : ठासणीच्या बंदुकीचा दुसरा जन्म

तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण बहुधा नवीन काय आलं आणि त्याने जुन्याला कसं हटवलं हे सांगतो. आज आपण उलट दिशेने जाणार आहोत. ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची बंदूक, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच लष्करातून बाद झाली. तरीही आज अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी ती हजारोंनी विकली जाते. ती परत कशी आली, आणि परत येताना तिच्यात भरायची दारू आणि ती पेटवणारी ठिणगी या दोघांचं नातं कसं बदललं, हा आजचा विषय आहे.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या बंदुकीत दारू आणि ठिणगी या दोन वेगळ्या गोष्टी धरता येत नाहीत, ती जोडी आहे. एक बदलली की दुसरीला बदलावंच लागतं. आणि गेल्या पन्नास वर्षांत ही जोडी ज्या कारणांनी बदलली, त्यातलं मोठं कारण बंदुकीत नाही, दारूच्या कारखान्यात आहे. ते माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

आधी चार शब्द

आपल्या भाषेत या बंदुकीचे शब्द तयार आहेत, ते समजून घेऊ. नळीत दारू ओतायची, वर गोळी ठेवायची आणि लांब गजाने ती ठासायची, म्हणून ती ठासणीची. नळीच्या मागच्या टोकाला बाजूने एक बारीक भोक असतं, तो कान. शत्रूच्या तोफा निकामी करण्यासाठी त्यांच्या कानांत खिळे ठोकले, असं आपण इतिहासात वाचतो, तोच हा कान. कानाच्या बाहेर चिमूटभर बारीक दारू ठेवायची, तिला रंजक म्हणत. रंजक पेटते, तिची ज्वाळा कानातून आत जाते, आतली दारू पेटते आणि बार उडतो.

म्हणजे बघा, इथे आगी दोन आहेत. एक बाहेरची, एक आतली. बाहेरची पेटली आणि आतली पेटलीच नाही, तर नुसता भपका होतो. तो फुसका बार आपण आजही राजकारण्यांच्या भाषणांना लावतो. तिसरी शक्यता आणखी वाईट असते. आतली दारू पेटते, पण क्षणभर उशिराने. माणूस वैतागून बंदूक खाली करतो आणि तेवढ्यात बार उडतो. म्हणून आजही बार उडाला नाही तर निदान मिनिटभर नळी सुरक्षित दिशेला रोखून धरावी, असं शिकवतात.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. युरोपात स्थिरावलेलं प्रमाण साधारण ७५, १५ आणि १०. हिचा मोठा गुण म्हणजे ती चटकन पेट घेते. दाण्याच्या पृष्ठभागावर साधी ठिणगी पडली तरी पुरते, आणि एका दाण्याची ज्वाळा पुढच्या दाण्याला लागत जाते. म्हणून दाण्याच्या आकाराला महत्त्व. मोठा दाणा तोफेला, मध्यम बंदुकीला, आणि सगळ्यात बारीक रंजकेला. अमेरिकन डब्यांवर हे आकार एफ या अक्षराने दाखवतात. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक, आणि चार एफची दारू रंजकेसाठी.

या गुणाची दुसरी बाजू लक्षात ठेवा. जी दारू बंदुकीत सहज पेटते, ती गोदामातही सहज पेटते.

गार, पाऊस आणि एक पाद्री

सतराव्या शतकाच्या शेवटापासून युरोपीय सैन्यांत तोड्याच्या जागी गार आली. घोड्याच्या चिमट्यात गारेचा तुकडा बसवायचा. चाप ओढला की गार पोलादावर घासते आणि ठिणग्या रंजकेवर पडतात. कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. पण गार बोथट होते, वारा रंजक उडवतो आणि पाऊस ती भिजवतो.

स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनजवळ बेलहेल्वी गावात अलेक्झांडर फॉरसाइथ नावाचे एक पाद्री होते. त्यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. अडचण अशी की रंजकेचा भपका दिसताच पक्षी उडायचे किंवा बुडी मारायचे, आणि छर्रे पोचेपर्यंत जागा रिकामी. दरम्यान १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी पाऱ्याच्या फल्मिनेटचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. हा पदार्थ ठोसा बसताच उडतो, त्याला ठिणगी लागत नाही. अशा पदार्थांना मुख्य दारू म्हणून वापरायला गेलं तर नळी फुटते. फॉरसाइथ यांनी त्यांना फक्त रंजकेच्या जागी आणलं. आत जुनी काळी दारूच, बाहेर मात्र ठोशाने पेटणारी नवी ठिणगी. १८०७ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं. पुढच्या दोन दशकांत हा पदार्थ तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसू लागला. ही टोपी कानावरच्या पोकळ बोंडीवर घालायची आणि घोड्याने ठोकायची.

सरकारी खातं मात्र सावकाश हललं. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिच इथे गारेच्या आणि टोपीच्या बंदुकांची तुलना झाली. दोन्हींचे ६,००० बार. गारेच्या बंदुका ९२२ वेळा फसल्या, टोपीच्या फक्त ३६ वेळा. म्हणजे गारेचा साधारण दर साडेसहावा बार वाया, तर टोपीचा दर १६६ वा. दारू दोन्हीकडे काळीच होती. फरक सगळा ठिणगीचा होता.

या आकड्यांचा अर्थ रणांगणावर काय होतो, ते १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये दिसलं. पहिल्या अफूच्या युद्धात कँटनजवळ सानयुआनली इथे ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य सैन्यापासून तुटली. हे आपले मद्रासचे शिपाई, हातात गारेच्या बंदुका. रंजक भिजली, बार उडेनात, आणि भोवती भाले घेतलेले गावकरी. शिपायांना संगिनींवर वेळ निभावावी लागली. त्यांना सोडवायला मरीन सैनिक पाठवले, त्यांच्याकडे टोपीच्या बंदुका होत्या आणि त्या त्याच पावसात उडाल्या. त्या युद्धात ही अफू पोचवणारं साम्राज्यही कंपनीचं होतं आणि शिपाईही कंपनीचे होते. कोणाच्या हातात कुठली बंदूक द्यायची हाही एक हिशेबच असतो, एवढं इथे नोंदवून पुढे जाऊ.

कारखान्याच्या भिंती

आता बंदुकीकडून कारखान्याकडे वळू, कारण पुढची गोष्ट तिथून सुरू होते. १७८८ मध्ये फ्रान्समध्ये एसोन इथल्या सरकारी कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले यांनी सोऱ्याच्या जागी पोटॅशियम क्लोरेट घालून जास्त जोरकस दारू करून पाहिली. प्रयोग पाहायला लाव्हाझिये आणि त्यांच्या पत्नीही हजर होत्या. स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. लाव्हाझिये पतिपत्नी थोडक्यात वाचले. जुनी दारू सुधारायला जाणाऱ्यांच्या वाटेवरचा हा एक लवकरचा दगड.

एसोनच्याच कारखान्यात त्या सुमारास एल्युतेर इरेने द्यू पाँ नावाचा तरुण दारूकाम शिकला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर तो अमेरिकेत गेला आणि १८०२ मध्ये डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी त्याने दारूचा कारखाना उभारायला घेतला. त्याचीच पुढे ड्यू पाँट कंपनी झाली. त्या कारखान्याच्या इमारती आजही पाहता येतात. तीन बाजूंना दगडाच्या जाडजूड भिंती आणि नदीकडची चौथी बाजू व छप्पर हलकं. स्फोट होणारच, हे गृहीत धरून बांधकाम केलं होतं. झाला तर त्याचा जोर नदीकडे निघून जावा आणि शेजारची इमारत वाचावी. आत काम करणाऱ्यासाठी या रचनेत काही सोय नव्हती. १८१८ च्या स्फोटात तिथे तीसहून अधिक माणसं मेली.

जुन्याची नवी हौस

१८६० नंतर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजची धूरविरहित दारू बनवली आणि काळ्या दारूचं लष्करी राज्य संपत आलं. ठासणीची बंदूक उरली ती दुर्गम भागांत आणि हौशी लोकांकडे.

अमेरिकेत १९३३ मध्ये अशा हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचं मुख्य ठिकाण इंडियाना राज्यातलं फ्रेंडशिप हे छोटं गाव. १९६० च्या दशकात यादवी युद्धाची शताब्दी आली आणि जुन्या बंदुकांच्या प्रतिकृतींना बाजार मिळाला. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने पुरातन शस्त्रांना बरीच सूट दिली. आणि राज्याराज्यांच्या वन्यजीव खात्यांनी हरणांसाठी वेगळा हंगाम काढायला सुरुवात केली. त्यात एकदाच भरता येणारी, कमी पल्ल्याची, जुन्या पद्धतीची बंदूकच चालेल, अशी अट. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये असा हंगाम सुरू केला, तोही फक्त गारेच्या बंदुकीसाठी.

हौस वाढली, पण नेमकी तेव्हाच दारू दुर्मीळ होऊ लागली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यू पाँटने काळ्या दारूचा धंदा सोडला. पेनसिल्व्हेनियातला मूझिक इथला कारखाना दुसऱ्या मालकांकडे गेला आणि गोएक्स या नावाने दारू करू लागला. वाहतुकीच्या नियमांत काळी दारू स्फोटक म्हणून मोडते. ती ठेवायची तर दुकानदाराला वेगळी कोठी, वेगळे परवाने आणि विमा. साध्या दुकानदाराने सरळ हात वर केले. बंदूक दुकानात मिळते, दारू मिळत नाही, अशी स्थिती झाली.

दारू बदलली, ठिणगी अपुरी पडली

इथे डॅन पॉलक यांचा प्रवेश होतो. त्यांनी एक नवी दारू तयार केली. सोरा, कोळसा, गंधक तीनही त्यात आहेत, पण त्यांचं प्रमाण कमी करून पोटॅशियम परक्लोरेट आणि काही इतर द्रव्यं घातली. ती उघड्यावर काळ्या दारूइतकी चटकन पेट घेत नाही. त्यामुळे वाहतुकीत आणि साठवणीत तिला धूरविरहित दारूसारखे सौम्य नियम लागू होऊ शकले. हॉजडन कंपनीने १९७६ मध्ये ती पायरोडेक्स नावाने बाजारात आणली. साध्या दुकानाच्या फळीवर ठेवता येईल अशी ही ठासणीच्या बंदुकीची पहिली यशस्वी पर्यायी दारू.

आणि १९७७ च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यात इसाक्वा इथल्या कारखान्यात पॉलक आपल्या सहकाऱ्यांसह मरण पावले. जास्त सुरक्षित दारू बनवणारा माणूस ती बनवतानाच गेला. ती दुकानात सुरक्षित होती, पण बनवण्याचं काम मात्र तितकंच धोक्याचं राहिलं. हॉजडनने पुढे कॅन्सस राज्यात तिचं उत्पादन चालू ठेवलं.

आता आपल्या जोडीकडे परत या. पायरोडेक्स सहज पेटत नाही, हाच तिचा गोदामातला गुण. बंदुकीत तोच अवगुण ठरतो. गारेच्या बंदुकीत रंजक म्हणून ती भरवशाची नाही. आत भरली तरी तिच्याखाली थोडी खरी काळी दारू घालावी लागते. टोपीच्या बंदुकीत ती चालते, पण नळीपर्यंतचा मार्ग स्वच्छ आणि कोरडा हवा, टोपी जोमदार हवी. जुन्या बंदुकीत टोपीची ज्वाळा बाजूने जाऊन काटकोनात वळते. त्या वळणावर तेल, ओल किंवा आधीच्या बारांची काजळी असली की ज्वाळा दमते. काळ्या दारूला दमलेली ज्वाळाही पुरायची. नव्या दारूला ती पुरेना.

१९८५ मध्ये मिसुरीच्या टोनी नाइट यांनी एमके-८५ ही रायफल आणली. तिच्यात टोपी नळीच्या मागे, अगदी सरळ रेषेत बसवली. ठोसा मागून आणि ज्वाळा सरळ पुढे, मध्ये वळण नाही. मागचा आटा फिरवून नळी आरपार साफही करता येते. पुढे टोपीच्या जागी २०९ क्रमांकाचा प्रायमर आला. हा मुळात छऱ्यांच्या काडतुसासाठी केलेला. त्याची ज्वाळा टोपीच्या मानाने कितीतरी मोठी आणि गरम, आणि तो झाकलेला असल्यामुळे पावसाची भीती कमी.

दारूही गोळ्यांच्या रूपात येऊ लागली. मोजून ओतायला नको, दोन-तीन वड्या टाकल्या की झालं. पायरोडेक्सच्या वडीच्या एका टोकाला काळ्या दारूचा पातळ थर देतात. तो थर प्रायमरच्या बाजूला यायला हवा, वडी उलटी पडली की बार फसण्याची शक्यता वाढते. गंमत बघा, काळ्या दारूला पर्याय म्हणून आलेल्या दारूला पेटवायला तळाशी चिमूटभर काळी दारूच लागली. आपली जुनी रंजक वडीच्या बुडाला चिकटून परत आली.

जास्त आगही बाधते

मग सगळ्यात गरम ठिणगी घेतली की झालं, असं वाटेल. तसं नाही. २००० नंतर ट्रिपल सेव्हन नावाची गंधक नसलेली दारू आली. तिला गंधकाचा वास नाही आणि ती पाण्याने साफ होते. पण जोरदार २०९ प्रायमरबरोबर तिचं एक कडक कडं नळीत, गोळी बसते त्या जागी, धरू लागलं. पुढची गोळी त्या कड्यावर अडकते. गोळी दारूवर घट्ट न बसता मध्ये पोकळी राहिली, तर दाब वेडावाकडा वाढून नळीला धोका होऊ शकतो. म्हणून प्रायमर बनवणाऱ्यांनी ठासणीसाठी मुद्दाम मवाळ २०९ प्रायमर काढले.

उलट २००८ मध्ये ब्लॅकहॉर्न २०९ ही नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली दारू आली. तिला जोरदार प्रायमरच लागतो, तो तिच्या नावातच आहे. जुन्या टोपीवर तिचा भरवसा नाही. मागच्या आट्यातला ज्वाळेचा मार्गही तिला मानवणारा हवा. म्हणजे एकाच क्रमांकाचा प्रायमर एका दारूला जास्त होतो आणि दुसरीला जेमतेम पुरतो. कुठली दारू चांगली, या प्रश्नाला एकट्याने उत्तर नाही. कुठल्या बंदुकीत, कुठल्या ठिणगीबरोबर, हे विचारल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही.

इथे दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात, कारण यात माणसं जखमी होतात. पहिली, या पर्यायी दारवा मापाने भरतात, वजनाने नाही. त्या काळ्या दारूपेक्षा हलक्या असतात. काळ्या दारूच्या वजनाइतकी पर्यायी दारू तोलून भरली, तर प्रत्यक्षात जास्त दारू भरली जाते. दुसरी, काडतुसांची साधी धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत घालायची नाही. तिचा दाब या नळ्या सोसत नाहीत आणि त्या फुटतात. सॅव्हेज कंपनीची १०एमएल ही खास त्यासाठी बनवलेली रायफल होती, पण तो अपवाद होता. दोन्ही दारवा दिसायला काळसर दाणेच. डबा वाचणं हाच उपाय.

कायदा कशाला जुनं म्हणतो

आता प्रश्न कायद्याचा. वेगळा हंगाम दिला होता जुन्या पद्धतीच्या बंदुकीसाठी. सरळ रेषेतली ठिणगी, झाकलेला प्रायमर आणि नळीवर दुर्बीण असलेली ही रायफल जुनी म्हणायची का? अमेरिकेतल्या राज्यांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली. पेनसिल्व्हेनियाने आपला हिवाळी हंगाम गारेसाठीच राखला. ओरेगनने ठिणगीची जागा उघडी असावी अशी अट घातली. कोलोरॅडोने प्रायमरला हरकत घेतली नाही, पण वड्यांना मनाई केली. २०२० मध्ये दारूची बंद नळकांडी मागून बसवायची आणि गोळी मात्र तोंडातून ठासायची, अशी फायरस्टिक नावाची पद्धत आली, तेव्हा हा वाद पुन्हा उभा राहिला. काही राज्यांनी ती ठासणीची मानली, काहींनी नाही.

यातून एक मजेदार गोष्ट घडली. जिथे गारेची सक्ती आहे, तिथे खरी काळी दारू लागतेच, कारण तिच्याशिवाय रंजक पेटत नाही. २०२१ मध्ये गोएक्सचा कारखाना बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा गारेवाल्यांचे धाबे दणाणले. पुढच्या वर्षी तो एस्टेस कंपनीने घेतला आणि काळी दारू चालू राहिली.

तुमच्यातले कोकणातले लोक आता म्हणतील, आमच्याकडे शेती राखायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेतच की. आहेत. पण तिथे ही बंदूक हौस म्हणून परत आलेली नाही, ती गेलीच नव्हती. रानडुक्कर आणि माकडांपासून पीक वाचवण्याचं ते साधन आहे आणि त्याचे नियम आपल्या शस्त्र कायद्यात आहेत. अमेरिकेतल्या दारूच्या आणि प्रायमरच्या गोष्टी तिथल्या बंदुकीला जशाच्या तशा लावायच्या नाहीत. आज आपण जे बघितलं त्यावरूनच हे उघड आहे : एका जोडीची ठिणगी दुसऱ्या जोडीला लावली की काय होतं, ते.

थोडक्यात सांगायचं तर, फॉरसाइथच्या काळी ठिणगी बदलली आणि दारू तीच राहिली. पॉलकच्या काळी दारू बदलली आणि ठिणगीला तिच्यामागे धावावं लागलं. पहिला बदल पक्षी उडून जातात म्हणून झाला, दुसरा दुकानदार दारू ठेवायला तयार नव्हता म्हणून. बार उडणारा माणूस दोन्ही वेळा जिंकला. दारू बनवणाऱ्याच्या वाट्याला मात्र एसोनपासून इसाक्वापर्यंत तीच जोखीम आली. ठासणीच्या बंदुकीचा इतिहास लिहिताना त्या तीन भिंतींच्या खोलीत काम करणाऱ्यांनाही त्यात जागा असायला हवी, असं आम्हाला वाटतं.

इथे थांबतो. आता आपण प्रश्न घेऊ.